किब्ल्यापासून दोन बोटं डावीकडे

२ ऑगस्ट, शनिवार. सोहार

कॅरव्हान आली. सालिमनं दुकानासमोर आडवी लावून अर्धी गल्ली अडवली. पांढरी, जुनी पण टापटीप. आत फ्रिज, एसी, तीन खाटा, भिंतीवर टीव्ही. टीव्ही आहे पण त्यात दिसत काही नाही, म्हणून माझी आठवण झाली.

सालिमचे वडील, आमचे अर्बाब म्हणजे मालक, दर खरीफला, तिथल्या पावसाळ्यात, सलालाहला जातात. इथं अंगाची लाही होत असते तेव्हा तिथं धुकं आणि रिमझिम. यंदा विमान नको, रस्त्यानं जायचं म्हणतात. लहानपणी उंटांबरोबर ज्या वाटेनं गेले ती वाट एकदा बघायची आहे. शिवाय १४ तारखेला त्यांच्या सांडणीची, समहाची, शर्यत. सौदीत, तायफच्या डोंगरावर. डॉक्टर तिकडं जाऊ देत नाही. टीव्हीवर बघणार, तेही सलालाहच्या छावणीत चार दोस्तांना बोलावून.

सालिम म्हणाला, ऑटोमॅटिक डिश घेऊ. छपरावर बसते, बटण दाबलं की आपली आपण फिरून उपग्रह शोधते. अर्बाब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "है ना ऑटोमॅटिक. ये इब्राहिम." बाप-लेक हसले. मीही हसलो.

मंगळवारी निघायचं.

३ ऑगस्ट, रविवार

जोडणी केली. छपरावर डिश लावायची नाही हे आधी ठरवलं. आत माणसानं कूस बदलली तरी कॅरव्हान हलते. आणि अरबी चॅनेलांचा उपग्रह इथून पार पश्चिमेला, क्षितिजाच्या जरासा वर. डिश थोडी हलली की चित्र गेलं. म्हणून तिपाई जमिनीवर, पायांना पाण्याचे कॅन बांधायचे, केबल खिडकीतून आत. डिश किती वर बघणार त्याची दांड्यावर लाल रंगानं खूण करून ठेवली, म्हणजे रोज डोकेफोड नको.

दहा मिनिटांत लागली. सालिम बघत उभा. "चाचा, ना कंपास, ना ॲप. कैसे किया?" म्हटलं, अंदाज.

अंदाज कसला! दुकानातल्या कोया उस्तादांनी पहिल्याच वर्षी शिकवलं ते. नमाजाला उभा राहतोस तसं मक्केकडे, किब्ल्याला तोंड कर, हात लांब कर, दोन बोटं डावीकडे मोज. बास, तिथं उपग्रह. सोहारमध्ये सत्तावीस वर्षं एकदाही चुकलं नाही. कोणाला सांगितलं नाही. एक तर धंद्याचं गुपित. दुसरं म्हणजे ज्या दिशेला कपाळ टेकायचं त्याच दिशेवरून लोकांच्या घरात नाचगाणी आणायची, ऐकणाऱ्याला काय वाटेल? एकदा गावी मौलवीसाहेबांना भीत भीत विचारलं होतं. ते म्हणाले, "अल्ला नीयत बघतो, डिश नाय बघत." तेव्हापासून निर्धास्त.

४ ऑगस्ट, सोमवार

गावाहून बायकोचा, रुकैय्याचा फोन. "कागद झाले काय तुमचे?" व्हिसा सप्टेंबरअखेर संपतोय. म्हटलं, सालिम म्हणतो सलालाहहून आल्यावर बघू. "बघू म्हंजे काय?" म्हटलं, मला काय माहीत.

खरं तर माहीत आहे. दुकानात आता कॅमेरे आणि इंटरनेटचे डबे विकले जातात. डिश कोण लावतं? औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या कॅम्पवर एकेका गच्चीवर मी ओळीनं डिश लावल्यात, त्या गच्च्यांवर आता कपडे वाळतात. पोरं मोबाइल छातीवर ठेवून झोपतात. सालिम वाईट नाही, माझ्या अंगाखांद्यावर खेळलाय. पण डोळे त्यालाही आहेत.

वय अठ्ठावन्न. गुडघे आधीच बोलायला लागलेत. हातात अंदाज आहे तोवर मी इथं आहे. तो गेला की कोणी कागद पुढं ढकलायची वाट बघायची नाही, आपणच उठायचं, असं मी मनाशी कधीच ठरवून ठेवलंय.

५ ऑगस्ट, मंगळवार. आदम

पहाटे निघालो. सालिम चालवतो, मी शेजारी, अर्बाब मागं उशांच्या ढिगात. निझवा सोडलं की डोंगर मागं पडतात आणि बघण्यासारखं काही उरत नाही. अर्बाब मात्र खिडकीला नाक लावून.

मुक्काम पेट्रोलपंपामागच्या मोकळ्या जागेत. सूर्य बुडाला तरी जमीन तापलेलीच. मशिदीत मगरिब पढून आलो, दिशा ताजी डोक्यात. दोन बोटं डावीकडे. काही नाही. तीन, चार. शेवटी अख्खी मूठ डावीकडे गेल्यावर लागलं. पंचवीस मिनिटं.

जमीन उताराची आहे, तिपाई तिरकी बसली असणार. अर्बाबांनी जुन्या शर्यती बघितल्या आणि खुशीत झोपले.

६ ऑगस्ट, बुधवार. हैमा

दिवसभर सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना तीच पिवळट माती. अर्बाब मागून सांगत होते, "यहाँ पानी था. यहाँ मेरा भाई ऊँट से गिरा, हम सब हँसा." मला पाणी दिसत नव्हतं, भाऊही दिसत नव्हता. त्यांना दोन्ही दिसत होते.

डिश. मूठभर डावीकडे धरून सुरुवात केली. नाही. माझ्याकडे फाइंडर आहे, सिग्नल पकडला की चिंचिं करणारं छोटं यंत्र. ते मुकं. सव्वा तास. जवळजवळ वीतभर डावीकडे गेल्यावर कुठं चिंचिं केलं. सालिम दोनदा बाहेर येऊन गेला, काही बोलला नाही. बोलला असता तर बरं.

सोहार दोन बोटं, आदम मूठ, हैमा वीत. रोज चुकतोय आणि रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त चुकतोय. गेल्या वर्षी डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्यामुळं असेल. की हातच...

पुढं लिहायला नको.

७ ऑगस्ट, गुरुवार. थुमरैत

अर्बाब दमले. आज टीव्ही नको म्हणाले. मला हायसं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली.

८ ऑगस्ट, शुक्रवार. सलालाह

घाट उतरायला लागलो आणि निम्म्या वाटेत धुकं. चार हात पलीकडचं दिसेना. मग एकदम हिरवं. काच खाली केली तर ओल्या मातीचा वास, सालिमला म्हटलं हा आमच्या रत्नागिरीचा वास आहे. तो म्हणाला, "चाचा, हर साल यही बोलते हो." हर साल मी येत नाही, पण असेन बोललो.

जुम्मा शहरातल्या मशिदीत. मग डोंगराच्या पायथ्याच्या मैदानावर जागा पकडली. तंबू, कॅरव्हान, मुलं, धूर, गर्दीच गर्दी. रस्त्यावर शहाळी घेतली. सालिमची बायको-मुलं विमानानं आलीत, तो त्यांच्यासोबत शहरात फ्लॅटवर. इथं अर्बाब आणि मी. स्वयंपाक माझ्याकडे. किंगफिश मिळाला, कालवण केलं. अर्बाबांनी बोटं चाटली.

डिश उद्या सकाळी, उजेडात, शांतपणे.

९ ऑगस्ट, शनिवार

नाही लागली.

उजेड म्हणजे तरी काय, दिवसभर कापूस. सूर्य कुठं उगवला, कुठं मावळला, पत्ता नाही. छावणीत नमाजासाठी मोठा तंबू आहे, तिथल्या चटयांवरून किब्ला घेतला. तिथून दोन बोटं, मूठ, वीत. मग उजवीकडे तसंच. फाइंडर मुकाच. सकाळचे चार तास, दुपारी असरच्या नमाजानंतर दोन.

अर्बाब म्हणाले, "माफी मुश्किल, शर्यत गुरुवारी आहे." काही हरकत नाही असं म्हणतात तेव्हा त्यांना हरकत असते, मी ओळखतो.

१० ऑगस्ट, रविवार

केबल बदलली. डिशच्या तोंडासमोरचं एलएनबी बदललं. सगळे जोड उघडून पुसले, टेप गुंडाळली. शेजाऱ्याची कॅरव्हान आड येते असं वाटून तिपाई उचलून पलीकडे नेली. पावसाला शिव्या दिल्या. नाचता येईना अंगण वाकडं.

तिकडे अर्बाबांनी पाच म्हाताऱ्यांना गुरुवारचं आमंत्रण देऊन टाकलं. कोणी अमिरातीतला, कोणी सूर गावचा, सगळे उंटांचे वेडे. छावणीत मोबाइलचं नेट असं की एक फोटो उघडायला चहा होऊन जातो, त्यामुळं सगळ्यांची भिस्त आमच्या टीव्हीवर. अर्बाब त्यांना सांगत होते, समहा गुरुवारी माझ्या घरात धावणार. मी मागं उभा राहून कांदा चिरत होतो. डोळ्यांतल्या पाण्याला कांदा होता म्हणून बरं.

सत्तावीस वर्षांत गिऱ्हाइकाला "नाही लागली" म्हटलेलं आठवत नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

आज सालिमला फोन करून सांगितलं. छावणीच्या टोकाला, टेकाडावर जरा रेंज मिळते, तिथं जाऊन. हिंदीत बोललो पण मराठीत लिहितो, म्हणजे मला ऐकू येईल: माझा अंदाज गेला. तू ऑटोमॅटिक मागव. गुरुवारच्या आत.

तो म्हणाला, "चाचा, थकान होगा." म्हटलं, थकवा नाही, गेला तो गेला. आणि दुकानाचं काय ते ठरव, माझ्या तोंडाकडे बघू नकोस.

खाली येऊन भात टाकला. नीट झाला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

असरनंतर अर्बाबांबरोबर चहा. तंबूतून नमाज पढून आलो होतो. अर्बाब जुन्या वाटेचं सांगायला लागले. आदमहून खाली येताना अठरा-वीस मुक्काम व्हायचे, ते लहान होते. "मेरा अब्बा हर मंज़िल पे नमाज़ से पहले मेरा कंधा पकड़ता. थोड़ा सीधे हाथ को घुमाता. मैं पूछा, अब्बा, काबा चलता है क्या? बोला, काबा उधर ही है. हम सरक गया."

मी पेला हातात धरून तसाच बसलो.

आदमला किब्ला जवळपास सरळ पश्चिमेला. दक्षिणेला उतरत जावं तसा तो मुक्कामागणिक उजवीकडे, उत्तरेच्या बाजूला वळतो, कारण मक्का मागं वर राहते; उपग्रह मात्र पश्चिमेलाच. सोहारमध्ये उपग्रह आणि किब्ला शेजारी शेजारी आहेत हा सोहारचा योगायोग. मी सत्तावीस वर्षं सोहारच्या बाहेर डिश लावलीच कुठं? माझा हात रोज थोडा थोडा चुकत नव्हता. मी रोज थोडा थोडा उजवीकडे उभा राहत होतो. इथं धुकं, नाहीतर मावळता सूर्य बघूनही शंका आली असती.

आणि दक्षिणेला आलो म्हणजे उपग्रह आभाळात थोडा वर चढणार, हे तर मला झोपेतही सुचायला हवं होतं. मी चार दिवस सोहारच्या लाल खुणेला चिकटून. त्या उंचीवर डिश कितीही फिरवली असती तरी काही सापडणार नव्हतं.

पेला खाली ठेवला आणि बाहेर गेलो. दोन बोटं, मूठ, वीत, म्हणजे इथं दीड वीत. खुणेच्या वर दोन बोटं. हळूहळू. सात मिनिटांत फाइंडरनं चिंचिं केलं. एवढा गोड आवाज मी नातवाचाही ऐकला नाही.

या वेळी अंगणच वाकडं होतं!

अर्बाबांना सगळं सांगितलं, कोया उस्तादांपासून. आधी त्यांना कळेना. मग इतके हसले की ठसका लागला, पाठ चोळावी लागली. "सत्ताईस साल मेरा दुकान क़िबला से चलाया?" पुन्हा हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "अब्बा को मालूम होता तो तुमको बेटी देता."

सालिमला फोन केला, ऑटोमॅटिक नको. तो म्हणाला, मस्कतहून निघाली, उद्या पोचेल. मग, "और चाचा... ऑफिस को भी बोल दिया. आपका रिन्यू नहीं करना." काल मीच सांगितलं ना. हात दाखवून अवलक्षण!

१३ ऑगस्ट, बुधवार

ऑटोमॅटिकचा खोका आला. कोणी उघडला नाही. अर्बाब त्यावर पाय ठेवून बातम्या बघतात.

सालिम आला. कान पकडून म्हणाला, तुम्हीच बोललात म्हणून. त्याची चूक नाही. नवा फॉर्म मागवतो म्हणाला, दोन वर्षांचा, अर्बाबांची सही आणि माझी सही, महिना संपायच्या आत दिला की काम होईल. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, मला नीट कळला नाही.

कॅरव्हानमधून बाहेर पडताना डिशसमोर थांबून तो बघत राहिला. म्हणाला, आम्हाला कॉलेजात अँगल शिकवले होते. म्हटलं, मला कोणी शिकवले असते तर चार दिवस वाचले असते.

१४ ऑगस्ट, गुरुवार

शर्यत. असरनंतर म्हातारे आले, सहा झाले, एकानं भाऊ आणला. मी कहवा आणि खजूर मांडले. चित्र काचेसारखं. मग शर्यतीच्या दहा मिनिटं आधी रिमझिम वाढली आणि चित्रात चौकोन पडायला लागले.

मी बाहेर. एलएनबीवर पाणी साचत होतं. एका हातानं छत्री डिशच्या आड न येईल अशी धरली, दुसऱ्या हातानं फडक्यानं टिपत राहिलो. आत काय चाललंय दिसत नव्हतं. कॅरव्हान हलत होती, सगळे उभे राहिले असणार. बरं झालं डिश छपरावर नाही. मग आरडाओरडा, अर्बाबांचा आवाज सगळ्यांच्या वर, "यल्ला समहा, यल्ला, यल्ला!" सत्तर ओलांडलेला, डॉक्टरनं हळू बोला सांगितलेला माणूस. मीही बाहेर पुटपुटत होतो, यल्ला बाई, यल्ला.

तिसरी आली.

आत गेलो तर सगळे इथल्या रीतीनं एकमेकांच्या नाकाला नाक लावत होते. अर्बाब रडत होते, उघड, लहान मुलासारखे. मला जवळ घेतलं. मी चिंब भिजलेला, त्यांच्या अंगातली पांढरी डिशडाशा ओली झाली. म्हणाले, "तुमने देखा?" म्हटलं, हो. खोटं बोललो. ऐकलं तरी होतं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सालिम जुम्म्यानंतर फॉर्म देऊन गेला. अर्बाबांनी आपली सही लगेच केली, कागद माझ्यासमोर ठेवला, पेन ठेवलं नाही.

मी पेन शोधायला उठलो तर म्हणाले, "ठहरो." बाहेर मुलं चेंडू खेळत होती. "मैं बोलेगा रहो, तो तुम रहेगा. सत्ताईस साल मैं बोला, तुम किया. इस बार मैं नहीं बोलेगा." मी म्हटलं, अर्बाब, तुम्ही सांगा ना. "खलास. नहीं बोलेगा."

असा राग आला मला. सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?

१६ ऑगस्ट, शनिवार

सकाळी टेकाडापर्यंत चालत गेलो. धुकं इतकं की परत येताना आपली कॅरव्हान सापडेना, दुसऱ्याच्या दारात गेलो.

चार ओळी लिहायच्या आहेत, त्या लिहून टाकतो. सोमवारी सालिमला "अंदाज गेला" म्हटलं, तेव्हा वाईट वाटलं होतं हे खरं. पण टेकाडावरून खाली येताना मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हलकं. भात टाकला तेव्हा मी गुणगुणत होतो. आता आठवतंय. आता घरी जायचं, कोणाला काही समजावून सांगायला नको, हातच गेला तर माणूस काय करणार, एवढंच डोक्यात होतं.

आणि मंगळवारी फाइंडर वाजला तेव्हा आनंदाच्या मागोमाग काहीतरी खाली बसलं. ते काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

म्हणजे मला जायचं आहे? की मला फक्त कोणीतरी पाठवायला हवं आहे? गावात काय करणार? दोन वर्षांतून महिनाभर पाहुण्यासारखा जातो, चांगलंचुंगलं खातो, परत येतो. रुकैय्याला तिखट किती लागतं हे मला माहीत नाही, अर्बाबांना भात किती मऊ लागतो हे माहीत आहे.

दिवसभर अर्बाब माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम. टीव्हीकडे तोंड करून बसले, आवाज बंद.

१७ ऑगस्ट, रविवार

दुपारी पाऊस थांबला. टेकाडावर जाऊन रुकैय्याला फोन केला. सगळं सांगितलं, किब्ल्याचं, शर्यतीचं, फॉर्मचं. सुटल्यासारखं वाटलं तेही सांगितलं. मग विचारलं, "मी कायमचा आलो तर चालंल तुला?"

सत्तावीस वर्षं विचारतोय, कौलं बदलली का, मोहर आला का, गुडघा कसा आहे. हे कधी विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं ती लगेच हो म्हणेल. तीच तर म्हणते, पुरे झालं आता, या.

बराच वेळ काही नाही. लाइन गेली असं वाटलं. पण मागं कोंबड्यांचा आवाज येत होता, म्हणजे लाइन होती.

मग म्हणाली, "सवय नाय ओ मला. घरात रोज कोन असायची." आवाज रडका नव्हता, विचार करत असल्यासारखा होता. "आज नका विचारू. उद्या सांगतंय."

म्हटलं, बरं.

सालिम उद्या संध्याकाळी फॉर्म न्यायला येतो. कागद उशीखाली ठेवला आहे. अर्बाबांनी विचारलं, बात हुआ? म्हटलं, हुआ. कालवण गरम करायचं आहे, उठतो.